कॅमेरा पटावर आणा

डिसेंबर 2001 मध्ये मॉस्कोत महिलांच्या जागतिक बुद्धिबळ स्पर्धेची अंतिम लढत झाली. चीनच्या झू चेनने 17 वर्षांच्या रशियन मुलीला, अलेक्झांड्रा कोस्तेनियुकला, टायब्रेकपर्यंत, म्हणजे बरोबरी फोडणाऱ्या जलद डावांपर्यंत, गेलेल्या लढतीत 5-3 असं हरवलं. पुढच्याच वर्षी दुबईतल्या जलद स्पर्धेत झू चेनने पुरुषांचा तेव्हाचा फिडे (जागतिक बुद्धिबळ महासंघ) जगज्जेता रुस्लान पोनोमारिओव्ह यालाही धूळ चारली. आणि तरी इंटरनेटवर नाव झालं ते हरलेल्या मुलीचं. तिचे फोटो फिरले, तिच्या नावाच्या संकेतस्थळावर गर्दी झाली आणि बुद्धिबळातलं ओ की ठो न कळणाऱ्यांनाही ती माहीत झाली.

तेव्हापासून गेली दोन दशकं एकच प्रश्न उगाळला जातो: ही बाई प्रसिद्ध आहे ती खेळामुळे की दिसण्यामुळे? आमच्या मते हा प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला जातोय. खेळाडूने आपलं उत्तर पटावर केव्हाच दिलं आहे. जाब विचारायचा तर दाखवणाऱ्यांना विचारायला हवा. प्रक्षेपण करणारे, व्हिडिओ कापणारे, बातमीला फोटो लावणारे आणि आपल्या गावातल्या स्पर्धांचे आयोजक, सगळे त्यात आले.

आधी खेळाचा हिशोब मांडू. कोस्तेनियुकचा जन्म 1984 चा, पर्म शहरातला. वडिलांनी पाचव्या वर्षी पटावर बसवलं. 2004 मध्ये ती युरोपीय विजेती झाली आणि त्याच वर्षी तिला ग्रँडमास्टर हा बुद्धिबळातला सर्वोच्च किताब मिळाला. हा ‘महिला ग्रँडमास्टर’ नव्हे. महिला ग्रँडमास्टरसाठी 2300 रेटिंग (निकालांवरून ठरणारा ताकदीचा अंक) लागतं, ग्रँडमास्टरसाठी 2500, शिवाय 2600 च्या तोडीच्या कामगिरीचे नॉर्म, म्हणजे स्पर्धांत तसं खेळून मिळवलेले पात्रतेचे टप्पे. तिथे बाई-पुरुष असा फरक नाही. हा किताब मिळवणारी ती जगातली दहावी महिला. सप्टेंबर 2008 मध्ये नाल्चिकला तिने अंतिम फेरीत चीनच्या होउ यिफानला 2.5-1.5 असं हरवून जगज्जेतेपद घेतलं. त्याच होउ यिफानने उपांत्य फेरीत आपल्या कोनेरू हंपीला घरी पाठवलं होतं. 2013 मध्ये कोस्तेनियुकने स्वित्झर्लंडची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, महिलांची वेगळी नव्हे, सर्वांची. तोवर कुठल्याही महिलेने ती जिंकली नव्हती. 2021 मध्ये, वयाच्या 37 व्या वर्षी, सोचीतला पहिला महिला विश्वचषक तिने एकदाही टायब्रेकमध्ये न जाता जिंकला आणि डिसेंबरात वॉर्सात जलद प्रकाराचं जगज्जेतेपदही मिळवलं.

आता तिला चिकटवलेलं बिरुद आठवा: ‘बुद्धिबळातली कुर्निकोव्हा’. ॲना कुर्निकोव्हाला एकेरीत डब्ल्यूटीए स्पर्धा एकदाही जिंकता आली नाही, म्हणून हे नाव टोमणा म्हणून वापरलं गेलं. खरं तर कुर्निकोव्हा एकेरीत जगात आठव्या क्रमांकापर्यंत पोचली होती आणि मार्टिना हिंगिससोबत दोनदा ऑस्ट्रेलियन ओपनची दुहेरी जिंकली होती. म्हणजे एका वाक्यात दोन खेळाडूंवर अन्याय. दोघींचाही खेळ न बघता फक्त फोटो बघणाऱ्यांनीच ही तुलना केली असणार.

पण निव्वळ बघणाऱ्यांच्या नजरेला दोष देऊन भागणार नाही. बुद्धिबळ कॅमेऱ्याला अवघड खेळ आहे आणि चेहरा पटावर मात का करतो याला तांत्रिक कारणं आहेत. ती समजून घेतली तरच काही बदलता येईल.

क्लासिकल, म्हणजे भरपूर वेळ देऊन खेळायचा, डाव घ्या. महिला ग्रां प्री या फिडेच्या स्पर्धामालिकेत पहिल्या 40 चालींना 90 मिनिटं, मग आणखी 30 मिनिटं आणि पहिल्या चालीपासून प्रत्येक चालीला 30 सेकंदांची भर. साठ चालींचा डाव चार तास चालला, तर दोन्ही बाजूंच्या मिळून 120 चाली होतात. म्हणजे सरासरी दोन मिनिटांत एकदा हात हलतो, आणि कठीण प्रसंगी वीस-वीस मिनिटं काहीच हलत नाही. क्रिकेटमध्ये चेंडू पडतो, कबड्डीत दम घुमतो. इथे हलतं ते फक्त माणूस: भुवई, ओठ, केसांतून फिरणारी बोटं. दिग्दर्शकाच्या हाती तीन कॅमेरे असतील तर तो जिथे हालचाल आहे तिथेच जाणार. अशा प्रक्षेपणात चार तासांतला मोठा भाग चेहऱ्यावर जातो आणि त्यातूनच पुढे दहा-पंधरा सेकंदांच्या क्लिपा कापल्या जातात.

क्लिप कापणाऱ्याला मदत करतो पडद्याच्या कडेचा इंजिनचा, म्हणजे चाली जोखणाऱ्या संगणक-प्रोग्रामचा, पट्टा. पांढरं वरचढ की काळं, हे तो क्षणाक्षणाला दाखवतो. चाल झाली, पट्टा धाडकन खाली आला, कॅमेरा चेहऱ्यावर गेला, क्लिप तयार. त्यात आधीची स्थिती नसते, घड्याळात किती सेकंद उरले होते ते नसतं, आणि ज्या चालीला इंजिन ‘चूक’ म्हणतंय तिची शिक्षा प्रतिस्पर्ध्याला सलग सात अचूक चाली खेळूनच करता आली असती हेही नसतं. बघणारा एकच निष्कर्ष काढतो: बायकांचं बुद्धिबळ हे असंच. 12 डिसेंबर 2024 रोजी सिंगापूरला जागतिक अजिंक्यपदाच्या चौदाव्या डावात तेव्हाचा जगज्जेता, चीनच्या डिंग लिरेनने, 55 व्या चालीला हत्ती चुकीच्या घरात नेला. गुकेशने हत्ती आणि उंट बदलून फक्त राजे आणि प्यादी उरलेली, सरळ जिंकलेली स्थिती मिळवली आणि जगज्जेतेपद खिशात घातलं. लोक डिंगसाठी हळहळले. ‘पुरुषांना खेळता येत नाही’ असं कुणी म्हटलं नाही, आणि ते योग्यच होतं.

यात यंत्राचीही एक खोड आहे, ती नवख्या निवेदकांना माहीत नसते. थेट प्रक्षेपणाच्या पटाखाली प्रत्येक घरात संवेदक असतात. सोंगटी कुठून उचलली, कुठे ठेवली हे तारेतून संगणकाला कळतं. डाव संपला की निकाल कळवण्यासाठी दोन्ही राजे मधल्या चार घरांत ठेवायची पद्धत आहे. पंचाने नोंद वेळेत बंद केली नाही तर शेवटची चाल म्हणून ‘राजा ई4’ असलं काहीतरी इंटरनेटवर उमटतं. डावानंतर दोघी बसल्या जागी एखादी स्थिती लावून चर्चा करू लागल्या तर त्या चालीही डावाला चिकटतात. आणि बघणारे ‘अशी चाल कोण खेळतं?’ म्हणून खेळाडूच्या नावाने हसतात. हे टाळायचं तर निवेदकाने शेवटची चाल हातच्या नोंदवहीवरून ताडून घेतल्याशिवाय तिच्यावर एक शब्दही बोलू नये.

तिसरी गोष्ट मुखचित्राची, म्हणजे थंबनेलची. व्हिडिओचं मुखचित्र 1280 बाय 720 बिंदूंचं बनवतात, पण मोबाइलवर सुचवलेल्या व्हिडिओंच्या यादीत त्यातला पट जेमतेम दोन सेंटिमीटरचा दिसतो. आठ घरं एका ओळीत, म्हणजे एक घर अडीच मिलिमीटरचं. घोडा आहे की उंट, कळत नाही. चेहरा मात्र त्याच दोन सेंटिमीटरमध्ये लख्ख ओळखू येतो. म्हणून चेहरा लागतो, तोंड वासलेला, डोळे विस्फारलेला. यात वाईट हेतू असतोच असं नाही, आळस नक्की असतो. उपाय सोपा आहे. अख्खा पट लावू नका. जिथे घाव बसला ती चार बाय चार घरं तेवढी घ्या. घर लगेच पाच मिलिमीटरचं होतं आणि हत्ती हत्तीसारखा दिसतो. त्यावर एकच बाण काढा, दोन नको. मथळ्यात विशेषणाऐवजी चाल लिहा: ‘23 व्या चालीला हत्तीचा बळी’. चेहरा हवाच असेल तर तो बाजूला, पटापेक्षा लहान ठेवा.

कॅमेऱ्याचंही तसंच. टेबलाच्या टोकाला, साधारण पाच फूट उंचीवर, तिरका कॅमेरा लावला की दोन्ही खेळाडू, त्यांचे हात, पट आणि घड्याळ एकाच चौकटीत येतात. नेमका डोक्यावर लावला तर चकचकीत पटावर दिव्याचा झोत पडून मधली घरं पांढरी फटक होतात. तिथे मॅट पट वापरावा किंवा दिवा बाजूला सरकवावा. वेळेच्या टंचाईत हात कसा थरथरतो, चाल खेळून घड्याळ दाबताना सोंगटी कशी घसरते, हे या चौकटीतून दिसतं. नुसत्या चेहऱ्यापेक्षा ते कितीतरी थरारक आहे.

आता कोस्तेनियुककडे परत येऊ, कारण ही सगळी यंत्रणा जन्माला यायच्या आधीच तिने तिचा धडा घेतला होता. तिने मासिकांसाठी फोटो काढू दिले, स्वतःच्या संकेतस्थळावर लावले, आणि सौंदर्य आणि बुद्धी एका ठिकाणी असू शकतात हे उघडपणे मांडलं. पण फोटो बघायला आलेल्या माणसापुढे तिने पट ठेवला. यूट्यूब नवं होतं त्या काळात ती बुद्धिबळावर पॉडकास्ट करत होती, ब्लॉग चालवत होती आणि एकेका युक्तीवर छोटे व्हिडिओ बनवत होती: एक स्थिती, एक प्रश्न, थोडा थांबा, मग उत्तर. आजच्या बऱ्याच बुद्धिबळ वाहिन्यांचा साचा हाच आहे. आलेल्या गर्दीतल्या काहींनी प्यादी हलवायला शिकून घेतलं असेल तर ते त्या व्हिडिओंमुळे.

‘मग ती स्वतःच फोटो टाकते त्याचं काय?’ हा आक्षेप नेहमी येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. फोटो तिचा, निवड तिची, खालची ओळ तिची, मिळणारे पैसेही तिचे. डाव खेळताना न विचारता काढलेला जवळचा शॉट, त्यावर तिसऱ्याच माणसाने लावलेलं संगीत आणि मथळा, आणि त्याची कमाईही तिसऱ्याचीच, ही वेगळी गोष्ट. पहिलीत खेळाडूचा अधिकार आहे. दुसरीत तिला कुणी विचारलेलंच नसतं. कपड्यांची लांबी किती हा मुद्दा दोन्हीकडे गौण आहे.

पैशाचा भाग मुकाट्याने बाजूला ठेवू नये. सोचीत 2021 ला महिला विश्वचषकाचं पहिलं बक्षीस 50,000 डॉलर होतं, त्याच सभागृहातल्या खुल्या गटाचं 1,10,000. जुलै 2025 मध्ये बातुमीला नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला तेव्हाही 50,000 च. त्याच वर्षी नोव्हेंबरात गोव्यातल्या विश्वचषकाचं पहिलं बक्षीस 1,20,000 होतं. जगात पहिली आलेली बाई निम्म्याहून कमी घेऊन घरी जाते. प्रशिक्षक, प्रवास, हॉटेल यांचे दर मात्र दोघांना सारखे. अशा वेळी महिला खेळाडू ऑनलाइन लोकप्रियतेतून कमावत असेल तर नाकं मुरडणाऱ्यांनी आधी बक्षिसांचा तक्ता बघावा.

ही कमाई किती ठिसूळ असते हे रशियन खेळाडूंना 2022 मध्ये कळलं. मार्चमध्ये रशियात इन्स्टाग्राम बंद झालं. यूट्यूबने तिथल्या वाहिन्यांचं उत्पन्न थांबवलं, निर्बंधांमुळे ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या संकेतस्थळाचे पैसे अडकले, पुढे बुद्धिबळाच्या सर्वांत मोठ्या संकेतस्थळावरही रशियाने बंदी घातली. वर्षानुवर्षं जोडलेला प्रेक्षक एका पंधरवड्यात व्हीपीएनच्या पलीकडे गेला. मार्चमध्येच 40 हून अधिक रशियन बुद्धिबळपटूंनी युक्रेनमधलं युद्ध थांबवा असं रशियाच्या अध्यक्षांना उघड पत्र लिहिलं, त्यात कोस्तेनियुकची सही होती. पुढे ती रशिया सोडून स्वित्झर्लंडच्या महासंघाकडून खेळू लागली. उलट बाजूला रशियन ग्रँडमास्टर सर्गेई कार्याकिन होता. त्याने आपला सारा ऑनलाइन गोतावळा युद्धाच्या समर्थनाला लावला आणि फिडेने त्याला सहा महिन्यांसाठी खेळण्यास बंदी घातली. सुंदर दिसण्यावरून जिची प्रसिद्धी मोजली जात होती, तिने ती प्रसिद्धी सर्वांत महाग पडेल अशा ठिकाणी वापरली. ‘नुसता चेहरा’ म्हणणाऱ्यांनी ही सही लक्षात ठेवावी.

आपल्याकडेही हा आवाज उठलेला आहे. 2018 मध्ये इराणमधल्या हमादानला आशियाई सांघिक स्पर्धा होती आणि डोक्यावर स्कार्फ सक्तीचा होता. पुण्याच्या सौम्या स्वामिनाथनने, 2009 च्या जागतिक ज्युनिअर विजेतीने, फेसबुकवर कारण लिहून संघातून माघार घेतली. जानेवारी 2024 मध्ये 18 वर्षांच्या दिव्याने नेदरलँड्समधल्या विक आन झे इथली स्पर्धा संपल्यावर इन्स्टाग्रामवर लिहिलं की प्रेक्षक तिचा खेळ सोडून कपडे, केस, उच्चार यांवरच बोलतात, आणि हे बायकांच्याच वाट्याला येतं. दीड वर्षात तीच मुलगी विश्वचषक आणि ग्रँडमास्टर किताब घेऊन आली. पण तिचं म्हणणं खरं ठरायला त्या विजयाची गरज नव्हती. ती बातुमीत पहिल्याच फेरीत हरली असती तरी ते तितकंच खरं राहिलं असतं.

दिसण्यावर चालणाऱ्या प्रसिद्धीचा सर्वांत मोठा तोटा मात्र प्रसिद्ध असलेलीला होतच नाही, तो न दिसणाऱ्यांना होतो. चीनची जू वेनजुन पाच वेळा जगज्जेती झाली आहे. आपल्याकडच्या एखाद्या बुद्धिबळ वर्गात जाऊन तिचं नाव विचारून बघा. तिचे डाव संथ, घट्ट, शेवटपर्यंत पिळून काढणारे. अंतिम डाव, म्हणजे पटावर थोड्याच सोंगट्या उरल्यावरचा टप्पा, शिकायला त्यांच्यासारखं साहित्य नाही. पण मुखचित्रात मावेल असं त्यात काही नाही, म्हणून ते कुणी मराठीत समजावून सांगत नाही. एप्रिल 2025 मध्ये पुण्यात महिला ग्रां प्री झाली, हंपी आणि चीनची झू जिनर सात-सात गुणांवर बरोबरीत राहिल्या आणि सरस टायब्रेकवर हंपी जिंकली. ती सरस कशी ठरली हे समजावणारे पाच मिनिटांचे व्हिडिओ मराठीत ढिगाने हवे होते.

मराठी वाहिन्या चालवणाऱ्यांना एक गोष्ट निक्षून सांगायची आहे: थेट प्रक्षेपणाखालच्या गप्पा वाऱ्यावर सोडू नका. यंत्राची आपोआप चाळणी इंग्रजी शिव्या बऱ्यापैकी पकडते, मराठी-हिंदी शिव्या रोमन लिपीत लिहिल्या की तिच्या हातून निसटतात. म्हणून बंदी घातलेल्या शब्दांची यादी स्वतः करावी लागते: प्रत्येक शब्द देवनागरीत, रोमनमध्ये, आणि रोमनच्या तीन-चार स्पेलिंगांसह, कारण लोक एकच अक्षर तीनदा लिहून किंवा मध्ये टिंब घालून निसटतात. फक्त शिव्या घालून पुरत नाही. ‘लग्न’, ‘नंबर’, ‘कसली दिसते’ अशी वरवर साधी शब्दरचनाही तपासणीसाठी थांबवावी, कारण खरा त्रास तिथूनच सुरू होतो. दोन प्रतिक्रियांमध्ये 30 सेकंदांचं अंतर ठेवा. शंभर-दीडशे लोक बघत असतील तर लक्ष ठेवायला निदान एक माणूस निराळा हवा. जो निवेदन करतोय त्याला हे जमत नाही, तो चालींमध्ये बुडालेला असतो. आणि ज्याला काढलं त्याला निवेदकाने नाव घेऊन उत्तर देऊ नये. त्याला तेच हवं असतं.

खेळाडू 18 वर्षांखालील असेल तर नियम आणखी कडक हवेत. फिडेच्या पानावर जन्मवर्ष आणि रेटिंग दिसतंच, निकालाच्या संकेतस्थळावर कुठल्या फेरीत कुठल्या पटावर हेही दिसतं. त्यात आयोजकाने हॉटेलचं नाव आणि मुलीच्या खात्याची खूण जोडली की अनोळखी माणसाला तिच्यापर्यंत पोचायला काहीच उरत नाही. तेव्हा राहण्याचं ठिकाण स्पर्धा संपेपर्यंत गुलदस्त्यात ठेवा, आणि प्रवेश अर्जावरच पालकांची छायाचित्रासाठी वेगळी संमती घ्या, शुल्काच्या रकान्याखाली बारीक अक्षरात नव्हे.

सत्तरच्या दशकात मुंबईच्या खाडिलकर भगिनींनी, वासंती, जयश्री आणि रोहिणी यांनी, राष्ट्रीय महिला स्पर्धा वर्षानुवर्षं आपल्या घरात ठेवली, तेव्हा त्यांचं नाव घरोघरी पोचलं ते वर्तमानपत्रांतून. तेव्हाच्या बुद्धिबळ सदरांत डाव चाल-चाल छापला जायचा आणि वाचणारे घरी पट मांडून तो खेळून बघायचे. आज जागेची अडचण नाही, शाईचा खर्च नाही, तरी जिल्हा स्पर्धेच्या बातमीत ‘सर्वोत्कृष्ट मुलगी’ चषक धरून हसताना दिसते आणि तिने कोणाला, कसं हरवलं याचा पत्ता नसतो.

क्लासिकल स्पर्धेत प्रत्येक खेळाडूला चाली लिहाव्याच लागतात. नोंदवहीचा कागद कार्बनचा असतो, वरची प्रत पंचाकडे जाते, आणि फिडेच्या नियमानुसार ती आयोजकाच्या मालकीची असते. स्पर्धा संपल्यावर हे कागद दोरीने बांधून पेटीत जातात. त्या गठ्ठ्यातून विजेत्या मुलीचा एक डाव काढायला आणि संगणकावर उतरवायला दहा मिनिटं लागतात. अक्षर लागलं नाही तर ती मुलगी बक्षीस समारंभासाठी तिथेच बसलेली असते. तिला बोलवा, सतराव्या चालीला काय सुचलं होतं ते विचारा आणि फोटोखाली तेच छापा.